बंद घरातील चीजवस्तूंचे दीर्घकालीन जतन : रोहा-पेण परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

रोहा व पेण तालुक्यांत वर्षातील बराच काळ कुलूपबंद राहणारी घरे मोठ्या संख्येने आढळतात. अशा घरांतील कापड, भांडी, लाकडी सामान, कागदपत्रे व छायाचित्रे यांची हानी प्रामुख्याने चोरीमुळे नव्हे, तर दमटपणा, बुरशी, कीटक व गंज यांमुळे होते. प्रस्तुत लेखात या हानीमागील भौतिक व जैविक प्रक्रिया स्पष्ट केल्या आहेत. वस्ती असलेल्या घरात जतनाची जी कामे नकळत होत असत ती घर बंद होताच थांबतात, हा या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. वस्तू कोणत्या ऋतूत बांधून ठेवल्या जातात यावर त्यांचे आयुष्य अवलंबून असते, हेही येथे दाखवण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : बंद घरे, सापेक्ष आर्द्रता, बुरशी, कसर, वाळवी, जतन, कोकण.

१. प्रस्तावना

कोकणातील गाव आणि मुंबई यांचे नाते गिरण्यांच्या काळापासूनचे आहे. घरातील कर्ता पुरुष मुंबईस नोकरीस आणि कुटुंब गावी, ही जुनी व्यवस्था होती. पुढे कुटुंबेही मुंबई, ठाणे, पनवेल येथे स्थिरावली आणि गावचे घर गणपती, शिमगा व मे महिन्याची सुट्टी यांपुरते उघडू लागले. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला. त्याचे उत्तरेकडील टोक रोहा हेच आहे. प्रवास सुकर झाला; परंतु घरे पुन्हा नांदती झाली असे मात्र नाही. याच्या जोडीला बदलीची नोकरी करणारे शिक्षक, प्राध्यापक, बँक कर्मचारी आणि परदेशी गेलेल्या मुलांकडे सहा-सहा महिने राहणारे आईवडील यांच्या बंद सदनिकांची संख्याही वाढली आहे.

अशा घरात काय असते? आजीची पैठणी, लग्नातील शालू, तांब्यापितळेची भांडी, देव्हारा, शिसवी कपाट, गाद्या, जुने सातबारा उतारे, खरेदीखते, शाळा सोडल्याचे दाखले, लग्नाच्या छायाचित्रांचे अल्बम. बाजारभावाने पाहिले तर यांतील बहुतेक वस्तूंचे मोल फारसे नाही. परंतु जमिनीचा वाद उभा राहिला की एक जीर्ण कागद निर्णायक ठरतो. आणि गेलेल्या माणसाचे एकमेव छायाचित्र बुरशीने गेले तर ते कोणत्याही किमतीस पुन्हा मिळत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, भांडी, कुलपे अशा नित्याच्या वापरातील वस्तू पाहावयास मिळतात. घरोघरच्या माळ्यांवरील अडगळ हाच उद्या सांस्कृतिक इतिहासाचा पुरावा ठरतो, हे त्या संग्रहावरून ध्यानात येते.

या वस्तू राखायच्या कशा, याविषयी दोन टोकाच्या समजुती आढळतात. एक, 'पेटीत डांबराच्या गोळ्या टाकल्या की झाले'. आणि दुसरी, 'कोकणच्या हवेत काहीच टिकत नाही'. दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. त्यांची चिकित्सा करण्यापूर्वी बंद पेटीत प्रत्यक्ष काय घडते ते पाहणे आवश्यक आहे.

२. दमट हवा आणि बंद पेटी

हवेत बाष्प किती मावते हे तापमानावर अवलंबून असते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशाला हेच प्रमाण सुमारे १७ ग्रॅम इतके उतरते. हवेत प्रत्यक्ष असलेले बाष्प आणि त्या तापमानाला मावू शकणारे बाष्प यांचे शेकडा प्रमाण म्हणजे सापेक्ष आर्द्रता होय. म्हणून ३० अंशाच्या दुपारी ६० टक्के आर्द्रता असलेली हवा पेटीत कोंडली आणि हिवाळ्यातील पहाटे पत्रा २० अंशांच्या खाली गेला, तर तेच बाष्प पत्र्याच्या आतील बाजूस दवरूपाने साचू शकते. लोखंडी ट्रंकेच्या झाकणाला आतून गंज चढतो त्याचे हे एक कारण आहे.

तथापि पेटीतील हवेपेक्षा पेटीतील कापड अधिक महत्त्वाचे आहे. साधारण १२० लीटर आकारमानाच्या ट्रंकेतील हवा पूर्ण संपृक्त असली तरी तीत बाष्प भरते जेमतेम साडेतीन ग्रॅम. उलट सुती कापड हवेतील ओल स्वतःत सामावून घेते. मध्यम आर्द्रतेत सुती कापडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे सात ते आठ टक्के पाणी असते. पावसाळी हवेत ते बारा टक्क्यांच्याही पुढे जाते. म्हणजे दहा किलो कपडे पावसाळ्यात पेटीत ठेवले, तर हाताला कोरडे वाटणारे ते कपडे ढोबळमानाने अर्धा लीटर जादा पाणी सोबत घेऊन पेटीत जातात. बुटांच्या किंवा कॅमेऱ्याच्या खोक्यातून मिळणारी सिलिका जेलची पाच ग्रॅमची पुडी एक-दीड ग्रॅम पाणी शोषून घेते. अर्धा लीटर पाण्यापुढे तिचा पाड लागत नाही. त्या कामासाठी सुमारे दोन किलो सिलिका जेल लागेल. यावरून एक साधा निष्कर्ष निघतो : पेटी कोरडी करण्यापेक्षा पेटीत जाणारी वस्तू कोरडी करणे अनेक पटींनी परिणामकारक असते.

रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सर्वसाधारणपणे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास वा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. बुरशीचे बीजाणू सर्वत्र असतातच. सुमारे ७० टक्क्यांपेक्षा अधिक आर्द्रता टिकून राहिली की ते रुजू लागतात आणि ८० टक्क्यांपुढे काही दिवसांत ते काही आठवड्यांत वाढ डोळ्यांना दिसू लागते. हवा कोंडलेली असेल तर ही वाढ अधिक वेगाने होते. पेण तालुक्यातील खाडीलगतच्या खारेपाटात आणखी एक घटक मिसळतो. वाऱ्याबरोबर येणारे मिठाचे सूक्ष्म कण वस्तूंवर बसतात. मीठ सुमारे ७५ टक्के आर्द्रतेपुढे हवेतील पाणी ओढून स्वतःच विरघळते. असा खारट ओलावा लोखंडावर बसला की गंज थांबत नाही. म्हणून खाडीकाठच्या घरात धातूच्या वस्तू बांधण्यापूर्वी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरड्या करणे अगत्याचे आहे.

३. कीटक आणि उंदीर

मराठीत 'कसर लागली' असे आपण सरसकट म्हणतो. पण या शब्दाखाली किमान दोन भिन्न कीटक येतात. एक चंदेरी, चपळ, पंखहीन कीटक. तो खळ, डिंक, पुस्तकबांधणीची चिक्की व कागदाचा पृष्ठभाग खातो. दुसरा म्हणजे कपड्यावरील लहान पतंगाची अळी. ती लोकर, रेशीम, पिसे असे प्राणिज पदार्थ खाते आणि घामाचे वा अन्नाचे डाग असलेला भाग आधी पसंत करते. हा भेद लक्षात घेतला की उपायही वेगळे होतात. सुती कपडे साठवणीत ठेवताना खळ काढून टाकणे हा पहिल्या कीटकावरील उपाय आहे. शाल व रेशमी वस्त्र स्वच्छ करून ठेवणे हा दुसऱ्यावरील. 'एकदाच तर नेसले होते' म्हणून शालू तसाच घडी करून ठेवणे हे अळीला निमंत्रण ठरते.

वाळवी जमिनीतून येते आणि ओल टिकवण्यासाठी मातीची नळी बांधत चढते. म्हणून कपाट भिंतीला व जमिनीला चिकटून असले की तिला आडोसा मिळतो आणि तिची चाहूलही लागत नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून विटांवर वा दगडांवर उचललेले असावे. मातीची नळी दिसली की ती केवळ पुसून चालत नाही. तिचा उगम शोधावा लागतो. लाकूड पोखरणारे भुंगेरे मात्र लाकडातच राहतात. कपाटाखाली बारीक पिठासारखा भुसा पडला असेल तर कीड आत जिवंत आहे असे समजावे. उंदराचे पिल्लू सुमारे सहा मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरते. त्यामुळे माळ्याच्या फटी, मोरीचे तोंड व वायरी आत येण्याची भोके यांना बारीक जाळी बसवणे हा घर बंद करण्यापूर्वीचा आवश्यक भाग आहे.

४. नांदते घर : जतनाची जुनी व्यवस्था

जुन्या कोकणी घरात वस्तू टिकत असत आणि आज त्याच घरात त्या टिकत नाहीत, असे का व्हावे? हवा तीच, पाऊसही तोच. फरक वस्तीचा आहे.

माजघरामागील स्वयंपाकघरात रोज चूल पेटत असे. तिच्या उबेने घर आतून कोरडे राही आणि धूर माळ्यावरून कौलांच्या सांध्यांतून बाहेर पडे. वासे व आढे धुराने काळे होत. पण धुरातील द्रव्यांमुळे त्यांना कीड सहसा लागत नसे. माळ्यावर ठेवलेले बी-बियाणे, सुकी मासळी, टोपल्या-सुपे यांनाही त्याच धुराचा लाभ मिळे. भात कणगीत किंवा पेंढ्याच्या मुडीत भरले जाई. कणगीला शेणमातीचा लेप असे. तांदळाऐवजी भात साठवण्याची रीत हीसुद्धा जतनाचीच युक्ती होती, कारण टरफल असलेल्या दाण्यात कीड सहजी शिरत नाही. कडुनिंब वा निरगुडीचा पाला, कडधान्यात राख, कपड्यांत वेखंड हे उपाय घरोघर होते. त्यांचा परिणाम मर्यादित असला तरी ते वरचेवर बदलले जात आणि प्रत्येक वेळी वस्तू हाताळली, पाहिली जाई. खरे संरक्षण त्या पाहण्यात होते.

वर्षाचा क्रमही ठरलेला होता. वैशाखात कौले उतरवून शाकारणी होई. पावसाळ्याची बेगमी करताना पापड, मिरच्या, चिंच, आमसुले यांबरोबर गोधड्या, गाद्या व पेट्यांतील कपडे यांना ऊन दाखवले जाई. पावसाळा सरल्यावर दसरा-दिवाळीच्या सुमारास पुन्हा सारे घर झाडून निघे. ही कामे बहुधा घरातील स्त्रिया करीत. त्यांचे हे ज्ञान कोठे लिहून ठेवलेले नव्हते. ते हातातून हातात जात असे. ज्या पिढीकडे ते होते ती पिढी घरासह थकली आणि घराला कुलूप लागताच चूल, धूर, शाकारणी, ऊन व नजर ही पाचही कामे एकदम थांबली. राहिली ती केवळ पेटी आणि तिच्यातील गोळ्या.

५. ऋतूचा विवेक

बंद घर उघडण्याचा आजचा मुख्य काळ गणेशोत्सव हा आहे. भाद्रपदात हवा अजून दमट असते, बरेचदा पाऊसही चालू असतो. या काळात पेट्या उघडल्या जातात, गाद्या-चादरी बाहेर निघतात, देवाची भांडी, समया, रेशमी वस्त्रे वापरली जातात आणि गौरी-गणपतींचे विसर्जन होताच परतीच्या गडबडीत सारे पुन्हा बंद होते. म्हणजे वर्षातील अत्यंत ओलसर हवा, घामाने व स्वयंपाकाच्या वाफेने माखलेले कापड आणि घाईने घासलेली भांडी एकाच वेळी पेटीबंद होतात. मागील प्रकरणातील अर्ध्या लीटर पाण्याचा हिशेब येथे तंतोतंत लागू पडतो.

याउलट माघ-फाल्गुनातील दुपारची हवा या परिसरात वर्षातील सर्वांत कोरड्या हवेपैकी असते. रोहा तालुक्याला लागून असलेल्या भिरा येथे मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंश सेल्सिअस इतक्या तापमानाची नोंद झाली होती. ती असामान्य नोंद असली तरी फाल्गुनातील कोरड्या उष्म्याची कल्पना त्यावरून येते. शिमग्याला चाकरमानी गावी येतातच. म्हणून साठवणीचे मुख्य काम गणपतीऐवजी शिमग्याला करावे : पेट्या रिकाम्या कराव्यात, त्या व त्यांतील वस्तू दोन-तीन दिवस दुपारच्या कोरड्या हवेत ठेवाव्यात आणि दुपारीच पेट्या बंद कराव्यात. सायंकाळी हवा पुन्हा ओलावते. गणपतीत वापरलेल्या वस्तू शक्य तर मुंबईस सोबत न्याव्यात, किंवा पेटीत कोंडण्याऐवजी दोरीवर वा उघड्या फळीवर सुती कापडाने झाकून ठेवाव्यात आणि दिवाळीनंतर पेटीत घालाव्यात. या एका बदलास खर्च काहीही नाही.

६. वस्तुनिहाय विचार

(अ) कापड : साठवणीचे वस्त्र धुतलेल्या, खळविरहित, शक्यतो पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावे. पेशवे दप्तरातील कागद रुमालात बांधून ठेवण्याची रीत होती, तिच्यामागे हेच तत्त्व होते. कापड धूळ अडवते, पण हवा अडवत नाही. प्लॅस्टिकची पिशवी बाहेरची ओल अडवते. मात्र आतील वस्तू पूर्ण कोरडी नसेल तर तीच पिशवी ओल कोंडून ठेवते. पैठणीची घडी वर्षातून दोनदा बदलावी, अन्यथा घडीच्या रेषेवर जर व रेशीम तुटते. रंगीत रेशमाला थेट ऊन दाखवू नये, सावलीतील वारा द्यावा. लोकरी शाली काळ्या पिशवीत बांधून कडक उन्हात काही तास ठेवल्यास आतील तापमान ५० अंशांच्या पुढे जाऊन अळ्या-अंडी मरण्याची शक्यता बरीच असते.

डांबराच्या गोळ्यांविषयी काही गोष्टी स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने त्या कपड्यांच्या तळाशी न ठेवता वर, कापडाच्या पुरचुंडीत ठेवाव्यात. जरीला व प्लॅस्टिकला त्यांचा स्पर्श होऊ देऊ नये. डांबरगोळी व कापूर एकत्र ठेवू नयेत. दोन्हींचे मिश्रण सुमारे ३२ अंशांनाच द्रवरूप होते आणि कापडावर न निघणारे डाग पडतात. विशिष्ट रक्तदोष असलेल्या तान्ह्या मुलांना या गोळ्यांच्या वासाच्या कपड्यांपासून गंभीर पंडुरोग होऊ शकतो, म्हणून साठवणीतील दुपटी-झबली धुऊन, वारा देऊनच वापरावीत. युरोपीय संघाने २००८ साली या गोळ्यांच्या विक्रीवर बंदी घातली. आणि या गोळ्या बुरशी वा ओल यांवर उपाय नाहीत, हे विसरू नये. धान्यासाठी मिळणाऱ्या, विषारी वायू सोडणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात कदापि ठेवू नयेत. त्यांनी माणसे दगावतात.

(आ) धातू : चांदी काळी पडते ती हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे. रबर व लोकर यांतही गंधक असते. म्हणून चांदीची भांडी रबरी पट्ट्यांनी बांधू नयेत किंवा लोकरीत गुंडाळू नयेत. मऊ सुती कापडात गुंडाळून घट्ट डब्यात ठेवावीत. तांब्यापितळेची भांडी चिंच वा लिंबू लावून घासतात. हे आम्ल नीट धुतले गेले नाही तर त्याच जागी हिरवा कळंक चढतो. भांडे धुऊन, पुसून, उन्हात तापवूनच ठेवावे आणि एकात एक घालताना मध्ये कापड घालावे. विळी, कोयता, अडकित्ता यांना खोबरेल लावण्याची रीत आहे. परंतु ते काही महिन्यांत खवट होऊन चिकट होते. दीर्घ साठवणीसाठी शिवणयंत्राचे खनिज तेल वा ग्रीस अधिक योग्य ठरते.

(इ) लाकूड व गाद्या : लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. कपाटाची दारे बळाने घट्ट बंद करण्याऐवजी किंचित किलकिली ठेवून त्यांवर चादर टाकावी. कापसाच्या गाद्या जमिनीवर ठेवू नयेत, तक्तपोसावर उभ्या वा गुंडाळून ठेवाव्यात आणि त्यांना प्लॅस्टिकने पूर्ण आवळू नये.

(ई) कागदपत्रे व छायाचित्रे : टाचण्या व स्टेपलच्या पिना काढून टाकाव्यात, कारण त्यांचा गंज कागद खातो. महत्त्वाच्या मूळ कागदांचे लॅमिनेशन करू नये. ते सहसा काढता येत नाही आणि आतील ओल तशीच राहते. कागद सपाट ठेवून सुती कापडात बांधावेत आणि घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच ठेवावेत. काचेच्या तसबिरीत छायाचित्र काचेला चिकटते, म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून अंतर ठेवावे. चिकट पानांच्या अल्बममधून जुनी छायाचित्रे, ती सहज सुटत असतील तर, काढून घ्यावीत. डिजिटल सातबारा व २०१५ साली सुरू झालेली डिजिलॉकर सेवा यांमुळे अनेक दाखल्यांची प्रत आता मिळू शकते. जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे व घरगुती पत्रव्यवहार मात्र सहसा त्यात येत नाहीत. त्यांची छायांकित प्रत दुसऱ्या गावी ठेवणे हाच उपाय.

(उ) उपकरणे : शीतकपाट रिकामे करून, पुसून, दार उघडे राहील अशी खूण घालून ठेवावे, बंद ठेवल्यास आत बुरशी येते. बॅटरी, रिमोट व घड्याळे यांतील सेल काढावेत. इन्व्हर्टरची बॅटरी महिनोन्‌महिने न भरता ठेवल्यास निकामी होते. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी लावावी.

७. पूर आणि वादळ

आतापर्यंतचा विचार संथ हानीचा झाला. या परिसरास आकस्मिक हानीही नवी नाही. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने जांभूळपाडा व नागोठणे येथे हाहाकार उडाला. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने रायगड जिल्ह्याला मोठा तडाखा दिला. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले. कुंडलिका व अंबा यांच्या काठी असलेल्या वस्त्यांना हा धोका कायमचा आहे.

बंद घरांच्या दृष्टीने ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ विशेष बोलके आहे. वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि जिल्ह्यातील असंख्य घरांची कौले व पत्रे उडाले. मोसमी पाऊस तोंडावर होता आणि करोनाच्या निर्बंधांमुळे मुंबईतील घरमालकांना तातडीने गावी येणे कठीण होते. जेथे शेजारी वा भाऊबंद होते तेथे ताडपत्री पडली. जेथे कोणी नव्हते तेथे पाऊस थेट माळ्यावर आणि माळ्यावरून पेट्यांवर उतरला. घराची किल्ली कोणाजवळ आहे, हा प्रश्न त्या दिवसांत कोणत्याही रसायनापेक्षा महत्त्वाचा ठरला.

यावरून साठवणीच्या जागेविषयी एक तिढा समोर येतो. पुरापासून वाचायचे तर वस्तू माळ्यावर हव्यात. वादळापासून वाचायचे तर माळा धोक्याचा. याचे उत्तर जागेप्रमाणे बदलते. नदीकाठच्या घरात कागदपत्रे व छायाचित्रे पूररेषेच्या वर, पण थेट कौलांखाली नव्हे, तर स्लॅबच्या खोलीतील उंच फळीवर, बंद डब्यात ठेवावीत. उंचवट्यावरील घरात ती मधल्या खोलीत ठेवावीत. अत्यंत मोलाचे कागद तर बंद घरात ठेवूच नयेत.

भिजलेल्या वस्तूंबाबत पहिले ४८ तास निर्णायक असतात. त्यानंतर बुरशी धरू लागते. चिखल घासू नये. कापड व भांडी स्वच्छ पाण्याने धुवावीत. भिजलेले कागद बळाने सुटे करू नयेत, त्यांत कोरे शोषक कागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळवावेत. सर्व कागद एकदम वाळवणे शक्य नसेल तर ते पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवता येतात व पुढे थोडे थोडे वाळवता येतात. आवरण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत, कारण पंचनाम्यात व विम्याच्या दाव्यात त्यांचा उपयोग होतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मिळते व तीत घरातील सामानाचाही समावेश होऊ शकतो. तथापि घर सलग निर्मनुष्य राहणार असेल तर त्याविषयीच्या अटी आधीच वाचून घ्याव्यात.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. बंद घरातील हानीचे मूळ कारण ओल हे आहे. बुरशी, गंज व बरेचसे कीटक हे तिचे परिणाम होत. म्हणून कीटकनाशकापूर्वी कोरडेपणाचा विचार झाला पाहिजे.

२. ओल प्रामुख्याने हवेतून नव्हे, तर वस्तूंबरोबर पेटीत शिरते. कोरड्या ऋतूत, कोरड्या वेळी, स्वच्छ केलेली वस्तूच पेटीबंद व्हावी. या परिसरात शिमग्याचा काळ त्यास सर्वांत सोयीचा आहे.

३. परंपरागत उपायांचे सामर्थ्य पाल्यात किंवा राखेत जितके होते त्याहून अधिक नियमित हाताळणीत होते. वर्षातून किमान दोनदा वस्तू उघडून पाहणे यास पर्याय नाही.

४. बंद घराला गावात एक जबाबदार माणूस हवा. त्याच्याकडे किल्ली, संपर्क क्रमांक आणि पाऊस-वादळानंतर घर उघडून पाहण्याची मुभा असावी. हे काम फुकटचे मानू नये. त्याचा योग्य मोबदला ठरवावा.

५. सर्वच वस्तू राखता येणार नाहीत. घर बंद करण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसून काय सोबत न्यावयाचे, काय नातलगांना द्यावयाचे आणि काय मागे ठेवावयाचे हे ठरवावे व त्याची यादी करावी. यादीत वस्तूचे नाव, ती कोणाची होती आणि कोठून आली हेही लिहावे. वस्तू टिकूनही तिची कथा हरवली तर पुढील पिढीस ती अडगळच वाटते.

महाविद्यालयीन स्तरावर या विषयास निश्चित वाव आहे. आर्द्रतामापक यंत्र आज अल्प किमतीत मिळते. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील एखाद्या बंद घरात, मालकाच्या संमतीने, वर्षभर आर्द्रतेच्या नोंदी ठेवणे. मराठी व इतिहास विभागांच्या विद्यार्थ्यांनी वयस्कर स्त्रियांकडून साठवणीच्या रीती व शब्द टिपून घेणे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावातील जुन्या कागदपत्रांच्या छायांकनास मदत करणे, ही कामे सहज हाती घेता येतील. कणगी, मुडी, शाकारणी, बेगमी हे शब्द आज विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागतात. ज्या वस्तू व रीती यांना हे शब्द जडलेले आहेत, त्यांची नोंद त्या जाणणारी माणसे आपल्यात आहेत तोवरच होऊ शकेल.